‘काही नाही’ नापास झाले तेव्हा

एकदा एका प्रयोगशाळेत एक अतिशय हुशार आणि त्याहून अधिक उतावळी संशोधक विद्यार्थिनी होती. तिचे नाव चारुता. विश्व ज्या सूक्ष्म कणांचे बनले आहे त्यांच्या वाटा टिपणारे एक महाकाय यंत्र समुद्रापलीकडे उभे राहत होते आणि त्याच्या पोटात बसवायचे सिलिकॉनचे सेन्सर तपासून देण्याचे काम या प्रयोगशाळेकडे आले होते. सेन्सर म्हणजे तळहाताएवढी, आरशासारखी चकचकीत, पापडाहून पातळ चकती. कण तिच्यातून आरपार निघून जातो आणि जाताना विजेची एक पुसटशी चाहूल मागे ठेवतो. ती चाहूल ऐकू यायची तर एरवी चकतीत शांतता हवी. म्हणून तपासणी अशी: चकती अंधाऱ्या पेटीत ठेवायची, तिच्यावर बारीक सुई टेकवायची, विजेचा दाब पायरीपायरीने सहाशे व्होल्टपर्यंत चढवायचा आणि वीज किती गळते ते पाहायचे. चांगला सेन्सर एवढ्या दाबाखालीही तोंड मिटून बसतो. वाईट सेन्सर गळतो.

हे सेन्सर आजवर परदेशातूनच येत. पण दुसऱ्या एका शहरात नऊ जणांचा एक लहानसा गट होता. त्याच्या प्रमुख रझिया मुजावर. दोन वर्षे भट्टीपुढे बसून, असंख्य चकत्या वाया घालवून त्यांनी असे सेन्सर बनवायला शिकून घेतले होते. सेन्सर कुणाकडून घ्यायचे हे ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत ज्येष्ठ मंडळींनी माना हलवल्या होत्या. “उत्साह स्तुत्य आहे, पण हे आपल्याकडे जमायचं नाही,” असे कुणीतरी म्हणाले तेव्हा मागच्या खुर्चीवरून चारुता ताडकन उभी राहिली होती.

“न तपासताच जमणार नाही म्हणायचं असेल तर ही प्रयोगशाळा कशाला हवी, सर? तपासायचं कामच आहे ना आपलं?”

अखेर चोवीस सेन्सर तपासायला मंजुरी मिळाली. बारा-बाराच्या दोन पेट्या. दोन्ही पेट्या कसोटीला उतरल्या तर पुढचे सगळे काम त्या नऊ जणांना मिळणार होते. नाही उतरल्या तर मागणीपत्र नेहमीप्रमाणे समुद्रापलीकडे जाणार होते.

पहिली पेटी दसऱ्याच्या आधी तपासून झाली. बाराच्या बारा पास! चारुताने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. माना हलवणाऱ्यांना तर तिने दोन-दोन दिले.

मग सुट्टी झाली. सोमवारी तिने दुसरी पेटी उघडली आणि पहिलाच सेन्सर मर्यादेच्या चाळीस पट गळला. दुसराही. तिसराही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा सेन्सर लावून झाले आणि अकराही नापास ठरले.

एखाद्यावर आपण विश्वास टाकावा आणि त्याने चारचौघांत आपल्याला तोंडघशी पाडावे, तसे चारुताला झाले. तिने त्याच संध्याकाळी फोन लावला.

“रझियाताई, दुसऱ्या पेटीत काय भरून पाठवलंय तुम्ही?”

“का गं, काय झालं?”

“अकरा नापास. अकरापैकी अकरा!”

रझिया सावकाश म्हणाल्या, “इथून निघाले तेव्हा सगळे पास होऊन निघालेत. दोन्ही पेट्या एकाच भट्टीतल्या आहेत, चारुता. एकाच आठवड्यातल्या.”

“असं सगळेच म्हणतात.”

“बरं. आम्ही इकडे शोधतो. तू पण जरा—”

“मी काय शोधू? माझं यंत्र तेच आहे. त्यानंच पहिले बारा पास केलेत ना? तेव्हा चालत होतं ते तुम्हाला!” असे म्हणून तिने फोन ठेवला. ठेवल्यावर तिला वाईट वाटले. पण वाईट वाटले म्हणून निकाल बदलणाऱ्यांपैकी ती नव्हती. उलट, आपणच या लोकांची बाजू घेतली होती, तेव्हा आता त्यांच्याशी सर्वांत कठोर आपणच व्हायला हवे, असे तिने मनाशी ठरवले. रात्री घरी बसून तिने पत्र लिहिले: ‘सदर गटाचे सेन्सर प्रयोगासाठी अयोग्य आहेत.’ शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते समितीकडे जायचे होते. पेटीत एकच सेन्सर उरला होता, बारावा. तो केवळ उपचार म्हणून तपासायचा होता.

त्या प्रयोगशाळेत दर शुक्रवारी एक वृद्ध गृहस्थ येत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षे झाली होती. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा औद्योगिक शाळेत मुलांना तारा जोडायला शिकवले होते, म्हणून मास्तर. पुढे मोठमोठी यंत्रे उभारली तरी नाव तेच राहिले. ते येत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत, आणि कुणी विचारले तरच बोलत.

त्या शुक्रवारी ते आले तेव्हा सोनवणे त्यांच्यासाठी उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन तयारच होते. सोनवणे म्हणजे यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ. अठरा वर्षांची नोकरी, कुठली तार कुठे जाते ते डोळे मिटून सांगणार. दसऱ्याला गावी गेलेले, परवाच परतले होते.

“या मास्तर. आज वातावरण तापलंय,” सोनवणे हळू आवाजात म्हणाले. “मॅडमनी अकरा विकेट काढल्यात.”

चारुताने ते ऐकले. “विकेट नाही काढल्या, काका. त्यांच्या मालानंच माझी काढलीय.” आणि तिने मास्तरांपुढे सगळी हकीकत भडाभडा ओतली, बैठक, पेढे, चाळीस पट, फोन, पत्र. मास्तर शेंग सोलत ऐकत राहिले.

“मग आता काय करणार?” त्यांनी विचारले.

“बारावा लावते. तोही नापास होईल. मग पत्र धाडते.”

“तोही नापास होईल हे आधीच ठाऊक असेल, तर लावून नवं काय कळणार?”

मास्तरांनी शेंगेचे टरफल पुडीत ठेवले, हात पुसले आणि म्हणाले, “बारावा राहू दे पेटीत. सेन्सर न लावता तपासणी कर.”

“न लावता? मग तपासायचं कशाला?”

“कशालाच नाही.”

तिला वाटले, मास्तर थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता.

“पूर्ण तपासणी,” ते पुढे म्हणाले. “पेटी बंद, अंधार, सुई खाली, सहाशे व्होल्टपर्यंत. फॉर्म पण भरायचा.”

“फॉर्मवर सेन्सरचा क्रमांक काय लिहू?”

“‘काही नाही’ असं लिही.”

“मास्तर, या तपासणीला एक तास दहा मिनिटं लागतात! पाच वाजता पत्र जायचंय. वेळ नाहीये माझ्याकडे.”

“म्हणूनच सांगतोय. वेळ असता तर म्हटलं असतं, लाव बारावा.”

आता या वाक्याचा अर्थ काय लावायचा? पण मास्तरांना नाही म्हणण्याची त्या इमारतीत पद्धत नव्हती. चारुताने पांढरा कोट चढवला, टोपी घातली, हातमोजे ओढले आणि काचेच्या भिंतीपलीकडच्या स्वच्छ खोलीत गेली. तपासणीच्या रिकाम्या पेटीचे झाकण तिने असे आपटले की सोनवण्यांनी बाहेर डोळे मिटून घेतले. बाहेर येऊन तिने फॉर्म ओढला आणि ‘सेन्सर क्रमांक’ या शब्दांपुढे मोठ्या, रागीट अक्षरांत लिहिले: काही नाही.

दाब चढू लागला. दहा व्होल्ट. वीस. तीस. प्रत्येक पायरीवर यंत्र थांबे, मोजे, आणि पडद्यावर एक ठिपका उमटे.

“शेंगा घे,” मास्तर म्हणाले.

“नको.”

“मीठ छान लागलंय.”

तिने एक शेंग घेतली. दुसरीही घेतली. तिची नजर पडद्यावर नव्हती, कारण तिथे काय दिसणार हे तिला माहीत होते. समोर काही नसेल तर गळणार काय? तळाशी एक आडवी रेघ. तास वाया.

“मॅडम,” थोड्या वेळाने सोनवणे म्हणाले. त्यांचा स्वर जरा विचित्र होता. “हे बघा बरं.”

पडद्यावरची रेघ आडवी नव्हती. ठिपके वर चढत होते. शंभर व्होल्टला मर्यादा ओलांडलेली, तीनशेला त्याहून कितीतरी वर. चारुता खुर्ची पुढे ओढून बसली. तास सरेपर्यंत ती जागची हलली नाही. शेवटचा ठिपका उमटला तेव्हा गळती मर्यादेच्या जवळजवळ चाळीस पट होती.

रिकाम्या पेटीची!

मग सोनवण्यांनी फॉर्म हातात घेतला आणि चष्मा वर सरकवून वाचला. “सेन्सर क्रमांक, काही नाही. निकाल...” त्यांनी मास्तरांकडे पाहिले. “म्हणजे ‘काही नाही’ नापास?”

“साफ नापास,” मास्तर म्हणाले.

“आता याच्या कारखान्याला फोन लावायचा का मॅडम? म्हणावं, रिकामी जागा पाठवलीत ती गळकी निघाली.”

चारुताला हसायचे नव्हते. पण ते तिच्या तोंडातून फसकन बाहेर पडलेच, शेंगेसकट. आणि हसता हसता ती मध्येच थांबली. अकरा सेन्सरांच्या फॉर्मवर तिची सही होती. कालचा फोन तिला शब्दन् शब्द आठवला.

“गळतंय ते यंत्रच,” ती पुटपुटली. “सेन्सर नाहीत गळत. आपण गळतोय. पण कुठं?”

“आता बारावा लावायची घाई वाटतेय?” मास्तरांनी विचारले.

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. तिच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक होती. घाई तीच, दिशा मात्र बदललेली. “सोनवणेकाका, दाब शून्यावर आणा. एकेक काढत जाऊ. आधी सुई.”

दाब शून्यावर आला. सुई उचलली. पुन्हा दाब. आता सहाशेपर्यंत चढायची गरज नव्हती, गळती शंभरलाच दिसत होती. आणि दिसली. “सुई निर्दोष!” सोनवण्यांनी न्यायाधीशाच्या थाटात जाहीर केले. मग पेटीला जोडलेली तार काढली. गळती तशीच. “पेटी निर्दोष!” मग काचेच्या भिंतीतून बाहेर येणारी तार काढली. तशीच. शेवटी विजेचा दाब निर्माण करणारा तो करडा, पत्र्याचा खोका तेवढा उरला. स्वच्छ खोलीच्या बाहेर, मांडणीवर ठेवलेला. त्याला आता काहीही जोडलेले नव्हते. तार खुपसायचे त्याचे गोल तोंड उघडे होते.

चारुताने आकड्याकडे पाहिले. गळती तेवढीच.

“हाच तो!” ती ओरडली. “टॉर्च द्या! भिंग कुठाय?”

सोनवण्यांनी खोका पूर्ण बंद करून दिला. ती गुडघ्यांवर बसली आणि एक डोळा मिटून त्या तोंडात पाहू लागली. मध्ये सोनेरी टोक, भोवती पांढऱ्या प्लास्टिकचे कडे. वीज टोकाकडून बाहेरच्या धातूकडे जाऊ नये म्हणून ते कडे असते. ते पांढरेशुभ्र असायला हवे होते. पण त्याच्या एका बाजूला, टोकापासून थेट कडेपर्यंत, एक फिकट लाल ओघळ सुकून बसला होता.

“लाल काहीतरी आहे,” ती म्हणाली. “गंज नाही. रंगासारखं.”

सोनवणे तिच्या शेजारी वाकले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि ते एकदम ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी मस्करी उडाली.

“कुंकू,” ते म्हणाले.

खंडेनवमीला त्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होई. वर्षभर काम करणाऱ्या यंत्रांना त्या दिवशी विश्रांती मिळे. सोनवणे सगळ्या तारा काढून गुंडाळून ठेवत, स्वच्छ खोलीच्या बाहेरच्या प्रत्येक यंत्राला झेंडूचे फूल वाहत आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचे एक बोट लावत. चारुताला हे मुळीच पटत नसे. विज्ञानाच्या मंदिराला दुसऱ्या पूजेची गरज काय, असे ती दरवर्षी तावातावाने बोले आणि सोनवणे दरवर्षी तिच्या हातावर प्रसादाची खडीसाखर ठेवत.

“माझ्यामुळं झालं हे, मास्तर,” सोनवणे खाली बघत म्हणाले. “अठरा वर्षं लावतोय. कधी काही झालं नाही. यंदा हात हलला असेल. त्या नऊ लोकांचं काम माझ्या एका बोटापायी... मी लिहून देतो, साहेबांना.”

चारुताच्या ओठांवर शब्द आलेच होते, ‘मी दरवर्षी सांगत होते.’ किती नेमका पुरावा होता हा! किती वर्षांचा वाद एका भिंगात सुटला होता! ती तोंड उघडणार, तोच मास्तर खुर्चीतून उठून खोक्याजवळ आले.

“सोनवणे, टिळा कुठं लावला होता?”

“वर, मास्तर. कपाळावर. इथं.” सोनवण्यांनी खोक्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवले. “दरवर्षी इथंच.”

तिथून ते गोल तोंड चांगले वीतभर खाली होते.

“बोटभर कुंकू. तेही दुसऱ्या दिवशी सुकलेलं,” मास्तर म्हणाले. “वीतभर खाली चालत कसं आलं?”

“आणि टिळा गेला कुठं?” सोनवण्यांच्या आत्ता लक्षात आले. “एरवी दिवाळीपर्यंत असतो.”

खोक्याचे कपाळ अगदी स्वच्छ होते. चारुता त्याकडे पाहत राहिली. तिला सोमवारची सकाळ आठवली. सोनवणे गावी होते. ती एकटी होती. दुसरी पेटी उघडायची उत्सुकता होती, आणि समोर हा लाल टिळा. ‘प्रयोगशाळा आहे की देऊळ!’ असे स्वतःशीच मोठ्याने म्हणून तिने नळाखाली रुमाल भिजवला होता. पिळायलाही थांबली नव्हती. खसाखसा वरून खाली पुसले होते, लाल पाण्याचा ओघळ खाली उतरला होता आणि पूजेच्या वेळी तारा काढलेल्या होत्या म्हणून ते तोंड उघडे होते. मग तिने तार उचलून त्यात खुपसली होती आणि पहिला सेन्सर लावला होता.

हे कुणी पाहिले नव्हते. सोनवण्यांनी दोष आपल्यावर घेतलाच होता. ती गप्प बसली असती तरी संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत झाले असते, सेन्सर वाचले असते, आणि खंडेनवमीची पूजा कायमची बंद झाली असती. तिला हवी होती तशीच.

“काका,” ती म्हणाली. “तुम्ही काही लिहून देऊ नका. टिळा मी पुसला. सोमवारी. ओल्या रुमालानं.”

सोनवण्यांनी तिच्याकडे पाहिले. “तुम्ही?”

“मीच. रागानं पुसला.”

“ओला रुमाल?” सोनवण्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत होऊ लागला. “हाय व्होल्टेजच्या खोक्यावर? मॅडम, पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही स्वतः सांगता, यंत्राला ओला हात लावू नका म्हणून!”

“माहितीय हो!”

“आणि तेही न पिळता?”

“न पिळता,” ती दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली. सोनवणे हसत सुटले. त्या हसण्यात सुटकेचा भाग मोठा होता. तिलाही हसू फुटले, डोळ्यांत पाणी असतानाच.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते तिच्या शेजारी स्टुलावर बसले.

“मोजताना आपल्याला वाटतं, आपण समोरची वस्तू मोजतोय,” ते म्हणाले. “पण पडद्यावर जो आकडा येतो त्यात सगळेच मिसळलेले असतात. तार असते, सांधा असतो, खोलीतली दमट हवा असते. आपली घाई असते, आपला राग असतो, कुणाची आपण घेतलेली बाजूसुद्धा असते. हे सगळे आपल्याच बाजूला उभे असतात, म्हणून दिसत नाहीत. म्हणून समोर कुणी नसताना एकदा मोजावं. तेव्हा जे दिसतं ते सगळं आपलं. ते शून्यावर आणलं, की मग दुसऱ्याला पेटीत घ्यावं. माझी आणि ‘काही नाही’ची गाठ मी तुझ्याएवढा असताना पडली. एका भल्या माणसाचं नाव खराब करून मग पडली. तुझी त्यामानानं वेळेत पडलीय. आता किती वाजले?”

“दीड.”

“मग बसलीस काय?”

पुढचे साडेतीन तास त्या खोलीत लग्नघरासारखी लगबग होती. कापूस, स्पिरिट, पुन्हा कापूस. बारीक काडीला कापूस गुंडाळून चारुता ते पांढरे कडे पुसत होती, आणि सोनवणे खांद्यावरून सूचना देत होते. “सावकाश, मॅडम. आणि पिळून!” मग गरम हवेने सुकवणे. मग तारा जोडल्या, आणि तिने कुणी न सांगता नवा फॉर्म घेऊन लिहिले: काही नाही. या वेळी अक्षर छोटे आणि नेटके होते. तास-सव्वातास तिघे पडद्याकडे पाहत बसले. तळाशी आडवी रेघ उमटत गेली, पार सहाशेपर्यंत, सरळ, कंटाळवाणी, सुंदर रेघ. असल्या कंटाळवाण्या रेघेकडे इतक्या प्रेमाने तिने कधी पाहिले नव्हते.

मग बारावा सेन्सर. पाचला दहा मिनिटे कमी असताना शेवटचा ठिपका पडला. बारावा तोंड मिटून बसला होता. पास.

चारुताने रात्रीचे पत्र पुसून टाकले आणि त्या जागी चार ओळी लिहिल्या: दुसऱ्या पेटीचे अकरा निकाल मी मागे घेत आहे. दोष सेन्सरचा नसून आमच्या विद्युत खोक्याचा होता आणि तो माझ्या हातून निर्माण झाला. फेरतपासणीला एक आठवडा द्यावा. तिने पत्र धाडले आणि लगेच फोन उचलला.

“रझियाताई, गळत तुम्ही नव्हता. आम्ही गळत होतो. म्हणजे मी.” आणि तिने टिळ्यापासून शेंगांपर्यंत सगळे सांगितले, काहीही न वगळता. “काल जे बोलले ते... माफ करा मला.”

पलीकडून हसणे ऐकू आले. एकट्या रझिया नव्हत्या. फोन खोलीभर ऐकू येत असावा, नऊच्या नऊ जण हसत होते.

“अगं, आम्ही कालपासून जेवणखाण सोडून आमच्या भट्टीत चूक शोधतोय!”

“अरे देवा.”

“आणि सापडल्या की! एक सोडून दोन!”

“काय सांगता?”

“या मालाशी त्यांचा संबंध नाही. पण आहेत खऱ्या. पुढच्या मालात सुधारतो. तुझा तो ओला रुमाल जपून ठेव बाई, आम्हाला फार उपयोगी पडला.”

आठवडाभरात अकरा सेन्सर पुन्हा तपासले गेले. रोज सकाळी आधी ‘काही नाही’, मग सेन्सर. दहा पास झाले. एक खरोखरच नापास निघाला. चारुताने त्याबद्दल रझियांना कळवले तेव्हा तिच्या आवाजात धार नव्हती आणि संकोचही नव्हता. “हा तुमचाच आहे हं,” ती म्हणाली. “आमचं वजा करून बघितलंय.” रझियांनी तो मुकाट्याने परत मागवला. चोवीसपैकी तेवीस पास हे पुरेसे मानून समितीने पुढचे काम त्या नऊ जणांना दिले.

शुक्रवारचा तो पहिला फॉर्म टाकून द्यावा, असे चारुताला वाटले नाही. तिने तो पूर्ण भरला. सेन्सर क्रमांक: काही नाही. निकाल: नापास. कारण: पुसण्याची घाई. खाली सही केली आणि खोक्याच्या वर, भिंतीवर चिकटवून टाकला.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. सोनवणे ताम्हन घेऊन उभे राहिले. खोक्यापाशी येऊन थबकले आणि चारुताकडे पाहू लागले. तिला अजूनही पूजा पटत नव्हती, आणि ते तिने यंदाही ऐकवले होते.

“काय करू मॅडम? लावू का नको?”

“तुम्ही ठरवा, काका. मी रुमाल घरी ठेवून आलेय.”

सोनवण्यांनी क्षणभर विचार केला. मग बोट खोक्याकडे न नेता ते वर भिंतीकडे नेले आणि त्या फॉर्मवर, चारुताच्या सहीच्या बरोबर बाजूला, लाल टिळा टेकवला.

“यंदा यालाच,” ते म्हणाले. “हा गळणार नाही.”

खिडकीजवळच्या खुर्चीत मास्तर शेंग सोलत होते. चारुताने हात पुढे केला. सोनवण्यांनी त्यावर खडीसाखर ठेवली. ती तोंडात टाकून तिने नवा फॉर्म ओढला आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या तपासणीसाठी लिहून ठेवले: काही नाही.